बैठाती की बसाती? कॅम्प चार ते बदलापूर गाव

मागच्या महिन्यात एका वाचकाने कमेंटमध्ये विचारलं, "काका, लडाख केलंत, सिक्कीम केलंत, नर्मदेकाठी फिरलात. यातला सगळ्यात भारी प्रवास कुठला?" मी लिहिलं, बदलापूर. त्यावर त्याने हसणारे चेहरे पाठवले. पोरगा बहुतेक बदलापुरातच राहत असणार आणि रोज ऑफिसला जाऊन-येऊन पिचलेला असणार. पण मी थट्टा करत नव्हतो. उल्हासनगर कॅम्प चारपासून बदलापूर गाव म्हणजे स्कूटरला किक मारली की पोचलो, इतकंच अंतर. तरी आमच्या घरात कुणी "त्या प्रवासाला गेलो होतो तेव्हा" असं म्हटलं की तोच प्रवास समजायचा. त्याचे फोटो नाहीत, कारण कॅमेरा नव्हता. तेव्हा फोटो मागू नका, वाचा.

नव्वदीची सुरुवात होती. कॅम्प चारमध्ये माझं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप होतं. खिडक्यांची ग्रिलं, जिन्याचे कठडे, शटरं बनवायची आणि जागेवर नेऊन बसवायची. आमची सौभाग्यवती सुनंदा जवळच्याच एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. भूगोल कागदोपत्री. खरा जीव तिचा आठवड्यातल्या नाटकाच्या तासात, आणि वर्षाअखेर गॅदरिंगला ती जे नाटक बसवायची त्यात. मी ग्रिल बसवायचो, ती नाटक बसवायची. "आम्ही दोघं बसवाबसवीच्या धंद्यात," असं मी चारचौघांत म्हणायचो आणि ती डोळे मोठे करायची.

तिच्या नाटकात सिंधी घरातली मुलगी अस्सल मराठी सासू व्हायची आणि आगरी पोरगं इंग्रज साहेब व्हायचं. पालक टाळ्या वाजवायचे ते आपल्या पोरासाठी, पण मागच्या रांगेतला मी तिच्यासाठी वाजवायचो, तेही सगळ्यांच्या आधी. ती नंतर घरी येऊन म्हणायची, "अहो, तुमच्या टाळ्यांमुळे पोरांची वाक्यं ऐकू येत नाहीत." ऐकू नाही आली तर नाही आली. बायको कुणाची होती?

त्या वर्षी शाळेच्या संचालक मंडळाने ठरवलं की नाटकाचा तास बंद करायचा. भूगोलाच्या बाईंना नाटकातली पदवी नाही, मग वेळापत्रकात जागा कशाला अडवायची, जूनपासून तो तास गणिताला द्या. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी वाट काढली. शिक्षकांसाठी उन्हाळी एम.ए. असा प्रकार तेव्हा नुकता कानावर येऊ लागला होता. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं, शिकायचं, जूनमध्ये पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं, असे तीन उन्हाळे. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शाळा उघडायच्या आत कुठेतरी प्रवेश घ्या. तेवढ्यावर मी तास वाचवतो."

प्रवेश घेण्यासारख्या जागा दोन. पहिली अंबरनाथला. एका विद्यापीठाचं उन्हाळी केंद्र तिथल्या एका शाळेत चालायचं. घरून जाऊन-येऊन करता येईल, संध्याकाळी चहाला परत. दुसरी थेट मध्य प्रदेशात, तिथल्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात. तिथे महिनाभर मुक्काम, सगळं शिक्षण हिंदीत, आणि प्रवेशाआधी मुलांना शिकवून दाखवायचं. आमच्या नशिबाने त्यांचं मुंबईकडच्या शिक्षकांसाठीचं निवड-शिबिर त्या मेमध्ये बदलापूर गावातल्या शाळेत भरणार होतं. शाळा सुट्टीमुळे रिकामी, नदी जवळ, राहण्याजेवणाची सोय.

सुनंदाचं ठरलेलं होतं, अंबरनाथ. आमची चिंगी सहा वर्षांची. तिला सोडून महिनाभर परमुलखात कोण जाणार? माझ्या मात्र ते मध्य प्रदेशवालं डोक्यात बसलेलं. "आपण नुसतं बघून तर येऊ," असं म्हणत मी तिच्या मागे लागलो. शेवटी ती म्हणाली, "बरं. एकाच दिवशी दोन्ही बघू. म्हणजे तुमची तोंडं बंद." माझं तोंड एकच होतं, पण ती रागावली की अनेकवचनात जाते.

निघायच्या दिवशी सकाळी चिंगीला शेजारच्या लछमनकाकांच्या घरी काकींकडे सोडलं. काकांचं आमच्या वर्कशॉपला लागून चेन-बटणांचं दुकान. फाळणीनंतर लहानपणी आईवडिलांबरोबर कॅम्पात आलेला माणूस. मराठी समजायचं सगळं, बोलायचे हिंदीत.

"सुबह-सुबह किधर, साईं?"

"टीचर को नाटक की डिग्री लेना है, काका. अंबरनाथ, फिर बदलापुर."

"नाटक की भी डिग्री होती है? हमारी टीचर तो वैसे ही हर साल नाटक बसाती है."

सुनंदा स्कूटरवर बसता बसता थांबली. बाई शिक्षिका. चूक दिसली की लाल पेन बाहेर. "काका, बसाती नहीं. बैठाती हूँ. मराठीत बसवणे, हिंदीत बैठाना."

काका चेन मोजायचे थांबले. "बैठाते तो ग्राहक को हैं, बेटी. चाय पिलाने को. हम लोग को इधर कॅम्प में बसाया था. घर बसाते हैं, गाँव बसाते हैं. वो अलग चीज़ है."

तिला ते पटलं नाही. व्याकरणाच्या बाबतीत आमच्या घरात बाहेरच्याचं चालत नाही. काकांनी जाता जाता एवढंच सांगितलं, "और सुनो, डिग्री ओरिजिनल लेना. डुप्लिकेट चाहिए तो बदलापुर काहे को जाना, अपनी मार्केट है ना." आमचं मार्केट डुप्लिकेट मालासाठी प्रसिद्ध, म्हणून उल्हासनगरचे लोक स्वतःवर असे हसतात. दुसऱ्याने हसू नये.

कॅम्प चारमधून अंबरनाथला जाणारा रस्ता आज सिमेंटचा आहे. तेव्हा खड्ड्यांमध्ये थोडा थोडा रस्ता होता. शिवाय ट्रक, टेम्पो आणि मधूनच म्हशी. मे महिन्यात स्कूटरने जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत निघा, पाण्याची बाटली घ्या आणि मागे बसणारीला ओढणी किंवा पदर आवळून बसायला सांगा. आम्ही अंबरनाथला स्टेशनाजवळ उतरून आधी वडापाव खाल्ला. वड्यात लसूण सढळ, चटणी तिखट. सुनंदाने अर्धाच खाल्ला. तिला म्हटलं, परीक्षा नाहीये तिथे. म्हणाली, म्हणूनच भूक नाही. मला तेव्हा ते कळलं नाही.

अंबरनाथच्या केंद्रावर एक सर पंख्याखाली बसले होते. बोलायला अतिशय गोड माणूस. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा मागवला आणि सुनंदाने एक प्रश्न विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. नोट्स तयार आहेत. प्रश्न ठरलेले आहेत. मागच्या खेपेला सगळे पास.

"आणि प्रात्यक्षिक?" सुनंदाने विचारलं.

"त्याचं टेन्शन घेऊ नका, मॅडम. ते होऊन जातं. तुम्ही फक्त परीक्षेला येऊन बसायचं."

"मुलांबरोबर काही करावं लागत नाही?"

"उन्हाळ्यात मुलं कुठून आणणार?" सर मनापासून हसले. "नाटक तुम्ही शाळेत करताच ना. इथे त्याची पदवी घ्यायची."

बाहेर आल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती म्हणाली, "बरं आहे. जवळ आहे." साडीच्या दुकानात एखादी साडी मनातून उतरली असेल आणि दुकानदाराचं मन मोडवत नसेल, तर ती "रंग पक्का वाटतोय" म्हणते. तोच आवाज होता. पण डोकं तिचं चालू होतं. प्रवेश मिळतोय, तास वाचतोय, चिंगी डोळ्यांसमोर राहतेय. यात खोट काढायला जागा नव्हती, हे मलाही मान्य करावं लागलं.

बदलापूरच्या शिबिरात तिची वेळ दुपारची होती, म्हणून मधल्या वेळात अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. तुम्ही जाणार असाल तर सकाळी जा, बाहेरच्या भिंतींवर कोवळं ऊन पडतं तेव्हा तिथल्या कोरलेल्या दगडी बायका अगदी आत्ता वळून बघतील असं वाटतं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मे महिन्यात बाहेर भट्टी आणि खाली असा गारवा की वर यावंसं वाटू नये. शेजारून वालधुनी नदी वाहते, तिच्या घाण पाण्याबद्दल तेव्हाही कुणी चांगलं बोलत नसे. सुनंदा खाली डोळे मिटून बराच वेळ बसली. मी म्हटलं, काय मागितलंस? म्हणाली, "काही नाही. त्या सरांनी मी काय करते ते विचारलंच नाही, एवढंच डोक्यात येत होतं."

पुढे बदलापूरचा रस्ता. तो तेव्हा खरोखर मोकळा होता. दोन्ही बाजूंना माळ, मधून मधून फुललेला गुलमोहर, आणि रस्त्याकडेला ठाकरवाडीतल्या बायका करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेतली आणि स्कूटरच्या पुढच्या खणात ठेवली. एका बाईंनी आणखी मूठभर वर टाकली आणि म्हणाल्या, "पोरीला ने गं." चिंगी बरोबर नसताना त्यांना कसं कळलं कोण जाणे. बायकांना एकमेकींकडे बघून कळत असावं.

स्टेशनाच्या आसपास तेव्हा बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या. त्यातल्या काहींची ग्रिलं माझी. मी दर खेपेला स्कूटर हळू करून दाखवायचो, "ती तिसऱ्या मजल्यावरची, मोराची नक्षी, बघ." ती म्हणाली, "बघितली. मागच्या वेळीही मोरच होता." शिवाजी महाराजांच्या काळात इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, अशी गोष्ट तिथे सगळे सांगतात. खरीखोटी मला माहीत नाही. मी तीही तिला सांगितली, आणि तीही तिला आधीच माहीत होती.

बदलापूर गाव मात्र स्टेशनापासून वेगळं, नदीच्या अंगाला. कौलारू घरं, अरुंद गल्ल्या, अंगणात वाळत घातलेले पापड. पारावर एक आजोबा बसले होते. त्यांना शाळा विचारली.

"ती नाटकवाली मानसं आल्यात ती का?" ते म्हणाले. "जावा सरल. लई आरडतात. सकालपासून पोरांना झाडं बनवतात नि माकडं बनवतात."

"आणि पोरं बनतात?" सुनंदाने विचारलं.

"बनतात की. दुपारी खिचडी भेटते."

शाळेच्या व्हरांड्यात मुंबई-ठाण्याहून आलेले शिक्षक बसले होते. आत एका वर्गात निवड करणारे तिवारीजी. दणकट बांधा, खादीचा कुर्ता, आवाज असा की माइकवाल्याची मजुरी वाचावी. त्यांच्याबरोबर विभागातल्या आणखी दोघीजणी. नवऱ्यांना आत परवानगी नव्हती, म्हणून मी बाहेरून खिडकीशी उभा राहिलो. ग्रिल धरून बघितलं, जुनं पण मजबूत काम होतं.

तिवारीजींनी विचारलं, "तो सुनंदाजी, आप अपने स्कूल में नाटक का क्या काम करती हैं?"

सुनंदा ताठ बसली. हे तिला नेमकं हवं होतं. सकाळपासून कुणीतरी एकदा विचारावं म्हणून ती थांबली होती. स्वच्छ आवाजात म्हणाली, "जी, मैं हर साल एक नाटक बैठाती हूँ."

 मग त्या दोघींपैकी एकीने तोंडाला रुमाल लावला. तिवारीजी खुर्चीत मागे रेलून हसले. "हर साल? मैडम, हमारे यहाँ नाटक बैठ जाए तो लोग टिकट के पैसे वापस माँगते हैं. और आप खुद बैठा देती हैं?"

मराठी वाचकांपैकी ज्यांना लगेच कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिंदीत नाटक बैठ गया म्हणजे आपटलं, पडलं. म्हणजे माझ्या बायकोने विद्यापीठाच्या लोकांसमोर ताठ मानेने सांगितलं होतं की मी दरवर्षी एक नाटक पाडते. हे पाप आपल्याकडच्याच माणसाच्या हातून होतं. जन्मभर हिंदीत भाजी घेतो, रिक्षावाल्याशी भांडतो, त्यामुळे आपल्याला वाटतं आपली हिंदी पक्की आहे.

तिचा चेहरा लाल झालेला मला खिडकीतून दिसला. हसणं वाईट नव्हतं, कुत्सित तर अजिबात नव्हतं. पण मला वाटलं, संपलं. आता ही उठणार, स्कूटरवर बसणार आणि अंबरनाथची फी भरणार. मीच हिला इथे ओढत आणलं होतं. दातओठ खात उभा राहिलो.

तिवारीजी म्हणाले, "अच्छा, बच्चे बाहर हैं. बैठाकर दिखाइए."

ती उठली. माझ्याकडे न बघता अंगणात गेली.

अंगणात वडाच्या सावलीत गावातली आणि जवळच्या वाडीवरची पोरं होती. सकाळपासून तीनचार शिक्षकांची झाडं आणि माकडं बनून दमलेली. नवीन बाई दिसताच पोरं आपणहून उभी राहिली आणि हात वर करून हलायला लागली. झाडंच ती.

"बसा," सुनंदा म्हणाली.

पोरं बुचकळ्यात पडली आणि बसली. तीही त्यांच्यात मातीत बसली, इस्त्रीच्या साडीसकट. "आता असंय. इथून कुणीही उठायचं नाही. उठायला कारण सापडलं तरच उठायचं. माझं कारण नाही चालणार, तुमचं पाहिजे."

 तिवारीजी हाताची घडी घालून व्हरांड्यात उभे. मी हे घरी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. तरी माझी समजूत अशी की नाटक बसवतात म्हणजे संवाद पाठ करून घेतात आणि कोण कुठे उभा राहील ते ठरवतात. ती आधी बसवायचीच, अक्षरशः. ज्याला उठायचं कारण नाही तो रंगमंचावर उभा कशाला, असं तिचं म्हणणं. कुणी उठेना तसा मी खिडकीच्या ग्रिलच्या सळ्या मोजायला लागलो. ती आपली मातीत रेघोट्या मारत बसलेली.

शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "बाई, कायपन कारन चालंल?"

"तुला खरं वाटेल ते."

मुलगी उठली. "पानी आलंय," म्हणाली आणि नसलेला हंडा कमरेवर घेऊन चालू लागली. लगेच तिच्या मागे दुसरी उठली. मग तिसरी. "ए, माजा नंबर हाय." "तुजा नंबर कवा व्हता? मी सकालपासून कलशी ठेवलीय." बघता बघता अंगणात रांग लागली, रांगेत भांडण लागलं, एक पोरगं म्हातारा होऊन मधे शिरलं आणि सगळ्यांनी मिळून त्याला मागे पाठवलं. तिवारीजींची हाताची घडी सुटली.

एकच मुलगा बसून राहिला होता. अंगाने मोठा, हट्टी. सुनंदाने त्याला विचारलं, "तू का नाही उठलास?"

"मी कशाला उठू? आमच्याकडं आई जाते पान्याला."

बाकीची पोरं हसली. सुनंदा नाही हसली. "मग आईच उठू दे," म्हणाली.

पोरगं थोडं घुटमळलं. मग गळ्यातला पंचा डोक्यावरून घेतला आणि उठलं. चार पावलं चाललं असेल, हसणं बंद झालं. डोक्यावर दोन हंडे, कडेवर मूल, एका पायात काहीतरी बोचतंय आणि थांबायला जागा नाही, अशी ती चाल होती. कुणी शिकवलेली नव्हती. रांगेतल्या पोरींनी न बोलता वाट दिली. पहिली मुलगी म्हणाली, "काकी, तुमी भरा आदी." एवढंच. तिथे ते नाटक संपलं.

वाडीवरच्या दोन बाया कुंपणाशी उभ्या होत्या. त्यातल्या एकीने पदर डोळ्याला लावला. मीही लावला असता, पण माझ्याकडे पदर नव्हता. ही माझी बायको आहे, हे मला तिथल्या प्रत्येकाला हाताला धरून सांगावंसं वाटलं. दोघांना सांगितलंही.

तिवारीजी पायऱ्या उतरून अंगणात आले. आवाज खाली आला होता. "अब फिर से बताइए. आप नाटक का क्या करती हैं?"

सुनंदा साडीची माती झटकत होती. थांबली. मला दिसलं, तिला काहीतरी आठवलं.

"बसाती हूँ," ती म्हणाली. "हमारे पड़ोस में एक काका हैं. सुबह उन्होंने यही कहा था. मैंने उनको ग़लत समझकर टोक दिया."

"उन्होंने ठीक कहा था," तिवारीजी म्हणाले. "जगह आपकी है. शाम तक बता दीजिए. इनसे पूछना होगा?" त्यांनी खिडकीशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"नहीं," सुनंदा म्हणाली. "ख़ुद से पूछना है."

जेवण शिबिरातच झालं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर कैरीचं लोणचं. शिबिराच्या जेवणाला सहसा चव नसते, पण गावातल्या बायकांनी केलेलं होतं, त्यामुळे मी लाजेकाजेस्तव थांबलो तेवढंच. मग आम्ही शाळेमागून नदीवर गेलो. मेमधली उल्हास नदी. पाणी कमी, दगड जास्त, म्हशी निवांत. आज तिथे बरंच काही झालंय, तरी संध्याकाळी काठावर बसायला अजून जागा सापडते. करवंदांचा द्रोण मधे ठेवून पाण्यातल्या एका दगडावर बसलो.

"जा ना," मी म्हटलं. "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"तुम्हाला 'जा' म्हणायला काय जातंय? अख्खा मे. तोही एक नाही, तीन. चिंगीची वेणी कोण घालणार?"

"मी."

"तुम्हाला येते?"

"लोखंडाला मोर काढतो मी. केसांचं काय घेऊन बसलीस?"

ती हसली. करवंदाचा चीक बोटाला लागला होता तो दगडावर घासत राहिली. "पदवी दोन्हीकडे मिळेल," म्हणाली. "तास दोन्हीकडे वाचेल. अंबरनाथला गेले तर कुणाचंच काही अडणार नाही. चिंगीचं नाही, तुमचं नाही. मला म्हणायला कारणच नाहीये की मी लांब का जाऊ."

मी काहीतरी बोलणार होतो. नशिबाने तोंडात करवंदं होती.

"पण तिकडे मला कुणी विचारलंच नाही मी काय करते," ती म्हणाली. "इथे हसले. पण विचारलं. दोनदा विचारलं." मग पहिल्यांदाच, मला आठवतंय तसं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, ती म्हणाली, "मला जायचंय."

आणि उठली. पाण्यातून चपला हातात घेऊन शाळेकडे चालायला लागली. मी मागून द्रोण घेऊन. तिला उठायला कारण सापडलं होतं, हे मला पार वर चढून गेल्यावर लक्षात आलं.

परतीचा रस्ता उन्हं उतरल्यामुळे बरा गेला. कॅम्प चारमध्ये पोचलो तेव्हा लछमनकाका दुकानाला फळ्या लावत होते. चिंगी काकींकडून दालपकवान खाऊन सुस्तावलेली.

"क्या हुआ, टीचर?"

"काका, आप सही थे. नाटक बसाती हूँ."

काका माझ्याकडे वळले. "सुना? हमसे फ़ीस भी नहीं ली, डिग्री मिल गई." मग गंभीर होऊन तिला म्हणाले, "जा बेटी. बच्ची इधर है. बसे हुए लोग किसलिए होते हैं?"

पुढच्या मेपासून तीन उन्हाळे ती गेली. पहिल्या मेमध्ये माझ्या हातची वेणी बघून काकींनी चिंगीला उचलून आपल्या घरी नेलं आणि नीट घालून परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी वेणी सरळ यायला लागली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या दोन पोरी माझ्याकडे वेणी घालायला यायच्या, हे सुनंदा कुणाला सांगू देत नाही, पण ब्लॉग माझा आहे. नाटकाचा तास राहिला. तो आजही त्या शाळेच्या वेळापत्रकात आहे, आणि तो घेणारी बाई सुनंदाची विद्यार्थिनी. ती पोरांना पहिल्या दिवशी काय सांगते ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

त्या प्रवासातलं काय राहिलं, असं मी स्वतःला विचारतो. लडाखचं आकाश आठवतं, पण मला त्याचा अभिमान वाटत नाही, ते काही माझं नव्हे. त्या शाळेच्या अंगणात मातीत बसलेली इस्त्रीची साडी मात्र आठवली की छाती अजून फुगते. माझं त्यात काम एवढंच की स्कूटर चालवली.

पदवी मिळाल्यावर शाळेने तिला तळमजल्यावरची एक खोली दिली, नाटकाची म्हणून. मी वर्कशॉपमध्ये लोखंडी पाटी बनवली. वर तिचं नाव, खाली "नाट्यशिक्षिका", आणि मोर नाही, तिने बजावून ठेवलं होतं. पाटी बसवायला मी स्वतः गेलो, ड्रिल घेऊन, कामगारांना सुट्टी देऊन. स्क्रू आवळले, मागे सरकलो, तिच्याकडे बघितलं. ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. डोळे भरलेले होते, ते मी बघितलं.

मग म्हणाली, "अहो, जरा तिरकी बसलीय."

तिरकीच आहे अजून. तिने मला ती काढू दिली नाही.